भिंतीतली कानटोपी

१

बागेतले दिवे लागून दहा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात बर्फाच्या किल्ल्यापाशी एक बाई गुडघ्यांवर बसली आणि काही केल्या उठेना.

मी तेव्हा बागेच्या चौकीवर फौजदार होतो. हार्बिनच्या जानेवारीत माणसं थंडीनं चक्कर येऊन पडतात, तसंच काही असेल म्हणून मी गर्दीतून वाट काढत गेलो. बाई ओळखीची निघाली. आमच्याच गल्लीतली, पाळणाघरात काम करणारी फू लान्शिन. तिच्या दंडाला धरून वेई कांग उभा होता. वसंताचा सण झाला की दोघांचं लग्न व्हायचं होतं.

"हिला बरं वाटत नाहीये, शाओसाहेब," वेई कांग म्हणाला. "घरी नेतो."

लान्शिननं त्याचा हात झटकला नाही, पण ती हललीही नाही. हातमोजा काढून तिनं उघडा तळवा भिंतीवर ठेवला होता. "ती त्याची आहे," ती म्हणाली.

मी जवळ जाऊन पाहिलं. आत बसवलेल्या हिरव्या नळीचा उजेड बर्फातून येत होता. पृष्ठभागापासून जेमतेम वीतभर आत एक कानटोपी अडकली होती. काळ्या कुत्र्याच्या कातड्याची. फक्त डाव्या कानाची पट्टी करडी होती.

"ती पट्टी उंदरानं कुरतडली होती," लान्शिन म्हणाली. "मीच सशाचं कातडं लावून दिलं."

तिचा नवरा हान तोंग तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या शेवटी, नदीवर नुकत्याच धरलेल्या बर्फावर चालत गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी पात्राच्या मधोमध एक भगदाड सापडलं. प्रेत सापडलं नाही. त्या दिवशी सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं आणि ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. तेव्हा तो बुडाला नाही, मरायलाच गेला, असं गल्लीनं ठरवून टाकलं. लान्शिनच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. तिच्यासमोर बायका फक्त बोलायच्या थांबत.

गर्दीतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "नदीनं परत केली." दोघातिघांनी माना डोलावल्या.

"नदी असलं काही करत नाही," मागून आवाज आला.

ग्वान मावशी होत्या. एकतीस वर्षं त्यांनी सोंगह्वा नदीवरच्या बर्फाची जाडी मोजण्याची नोकरी केली होती. निवृत्त झाल्या, पण मोजायच्या थांबल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ गेल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"शाओ, इथे दोरी बांध. कुणाला हात लावू देऊ नकोस." मग त्या लान्शिनजवळ खाली बसल्या. "पोरी, ही टोपी पाण्यात पडून सव्वा महिनासुद्धा झालेला नाही. तीन वर्षं ती कुणाच्या तरी घरात होती."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग उघडण्याआधी मावशी टेप घेऊन हजर झाल्या.

"दर एप्रिलला नदीचं सगळं बर्फ फुटून वाहून जातं," त्या म्हणाल्या. "हे बर्फ या हिवाळ्यातलं. तीन वर्षांपूर्वी पडलेली टोपी इथे राहीलच कशी? आणि राहिली असती तर तिच्यावर एक केस उरला नसता. ही बघ, विंचरल्यासारखी आहे."

"पण पडली कधी, हे कसं सांगता?"

"ती लादी आडवी पाडून बसवली आहे. कडेचा हा दुधाळ पट्टा दिसतो ना? तो बर्फाचा वरचा थर. त्यावर हिम पडून गोठतं म्हणून पांढरा. नदी वरून खाली गोठत जाते. हलकी वस्तू पाण्यात टाकली की ती तरंगत बर्फाच्या पोटाला जाऊन चिकटते आणि रात्रीत तिथेच पकडली जाते. म्हणजे टोपी जितकी खोल, तितकी त्या दिवशी बर्फाची जाडी."

दुधाळ कडेपासून टोपीचे केस सुरू होतात तिथपर्यंत त्यांनी टेप धरली. एकवीस सेंटीमीटर. खिशातल्या वहीची पानं उलटली. "आठ डिसेंबर. त्या दिवशी सकाळी मी स्वतः भोक पाडून मोजलंय. एकवीस."

"एकवीस सेंटीमीटरवरून तर गाडी जाते. टोपी खाली गेली कशी?"

"आता बरोबर विचारलंस. कुणीतरी उघड्या पाण्यात टाकली." त्यांनी बोटानं दाखवलं. "आणि हे बघ."

टोपीखाली सुतळीचा एक तुकडा लोंबत गोठला होता. एक टोक कानपट्टीच्या बंदाला घट्ट गाठलेलं, दुसऱ्या टोकाला रिकामा फास. फासात विटेचे लाल कण अडकले होते.

"वीट बांधून बुडवली होती," मी म्हणालो. "वीट निसटली आणि टोपी वर आली."

मावशींनी गाठीचं चित्र वहीत काढून घेतलं. मग भिंत खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "शाओ, इतकी मोठी काळी वस्तू आत असलेली लादी कापणाऱ्याला दिसली नाही? रचणाऱ्याला दिसली नाही? आणि ती नेमकी लान्शिनच्या डोळ्यांच्या उंचीवर, वाटेच्या तोंडाशी कशी आली?"

त्या भिंतीच्या लाद्या कापल्या होत्या हान लेईच्या टोळीनं. हान लेई म्हणजे हान तोंगचा थोरला भाऊ.

३

हान लेई नदीवर करवतीची धार बघत उभा होता. आम्हाला पाहून तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं.

"काय मावशी, आता बर्फाचं भविष्य सांगायला लागलात म्हणे."

"भूत सांगते," मावशी म्हणाल्या. "ती लादी तुझ्या हातची?"

"माझ्याच हातची. पाण्यातून ओढून काढली तेव्हाच दिसली. पट्टी पाहिली आणि ओळखली." त्यानं करवत खाली ठेवली. "भिंतीत मीच लावली. मुद्दाम."

"का रे?" मी विचारलं.

"तिला दिसावी म्हणून. तोंग गेला त्या दिवशी सकाळी काय काय बोलली ती त्याला, विचारा गल्लीत. आणि आता लग्न करून मोकळी होतेय. म्हटलं, एकदा त्याच्याकडे बघ आणि मग जा."

"तीन वर्षांत तिच्याशी बोललास कधी?"

"काय बोलू? माझी आई त्याच दुःखात गेली."

मावशींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तोंग मरायला गेला, असं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

"ही टोपी आठ डिसेंबरपर्यंत कोरडी होती, लेई. कुणीतरी ती जपून ठेवली होती. माणूस एकटा मेला असता तर टोपी त्याच्याबरोबर गेली असती. त्या दिवशी बर्फावर त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी होतं."

हान लेईनं हातमोजे काढले, पुन्हा घातले आणि विचारलं, "कोण?"

परत येताना मी म्हणालो, "हाच नसेल कशावरून?"

"टोपी लपवायला विटेसह बुडवणारा माणूस तीच टोपी चौकात मांडेल का?" मावशी म्हणाल्या. "चल, आठ डिसेंबरला नदीत उघडं पाणी कुठे होतं ते बघू."

४

उघडं पाणी एकाच ठिकाणी होतं. हिवाळ्यात पोहणारी मंडळी दरवर्षी बर्फ कापून एक तलाव करतात. या वर्षी तो आठ डिसेंबरलाच उघडला होता आणि लाद्या जिथून कापल्या ती जागा त्याच्या खालच्या अंगाला अडीचशे पावलांवर. मासेमारीची भोकं त्याहून कितीतरी खाली.

तलावाची देखभाल चू मास्तर करायचे. सत्तरीचा माणूस, अंगावर नुसता पंचा, केसांना बर्फ लागलेलं.

"त्या दिवशी निम्मं गाव आलं होतं," ते म्हणाले. "कुणाकुणाला लक्षात ठेवू? हां, एक बाई आठवते. तोंडाला शाल गुंडाळलेली, हातात कापडी पिशवी. मला विचारलं, पाणी किती खोल आहे. मी म्हटलं, उडी मारा, कळेल. हसली नाही. नंतर सगळे खायला तंबूत गेले तेव्हा तलावाच्या कडेला एकटीच उभी होती."

"वय?"

"शालीला वय असतं का, साहेब?"

बाई म्हटल्यावर माझ्या मनात एकच नाव आलं आणि ते मला आवडलं नाही. टोपी तिच्या घरातली. भांडण तिचं. लग्नही तिचंच ठरलेलं. मी ते मावशींना बोलून दाखवलं.

"तिलाच विचारू," मावशी म्हणाल्या.

लान्शिनच्या घरी शेगडीवर काहीच नव्हतं. तिनं आम्हाला गरम पाणी दिलं.

"लग्न कधी ठरलं?" मावशींनी विचारलं.

"कांग दोन वर्षं विचारत होता. सहा डिसेंबरला मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आई आल्या, माझे दोन्ही हात धरून रडल्या. म्हणाल्या, आता घर झाडून-पुसून लख्ख करते, तुला एक जळमट दिसायचं नाही."

"आणि आठ डिसेंबरला तू कुठे होतीस?"

"पाळणाघरात. दोन बायका आजारी होत्या. बावीस मुलं मी एकटीनं सांभाळली." ती थांबली. "माझ्यावर संशय आहे का, शाओसाहेब?"

मला लाज वाटली.

"त्या सकाळी भांडण कशावरून झालं होतं?" मावशींचा आवाज उतरला होता.

"माझी आई आजारी होती. तिला इथे आणायचं मी म्हणत होते. तो म्हणाला, एका खोलीत तिघं कशी मावणार. मी म्हटलं, मग तूच जा कुठेतरी." तिनं पेला ओठांना लावला आणि न पिता खाली ठेवला. "गेला. त्यानंतर आईला आणायचं धाडस झालं नाही. ज्या गोष्टीनं तो गेला, ती कशी करणार? भावाकडे मुदानच्यांगला ठेवलं. मागच्या वर्षी तिथेच गेली."

बाहेर आल्यावर मावशी ट्रामच्या थांब्याकडे न वळता समोरच्या मांसाच्या दुकानात शिरल्या. तिथे लाल सॉसेजच्या माळा टांगल्या होत्या. त्यांनी गल्ल्यावरच्या बाईसमोर वही उघडली.

"ही गाठ तुमची का हो?"

बाईनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "आता कुठली आमची? आता यंत्र पत्र्याची पट्टी मारतं. ही जुन्या बायकांची, हातानं बांधायच्या त्यांची. दोन वेढे आणि मधून एक परत. तीस तीस वर्षं हेच केलंय त्यांनी, बुटाची नाडीसुद्धा अशीच बांधतात."

मी दुकानातच थांबलो. आमच्या गल्लीत सॉसेजच्या कारखान्यातून निवृत्त झालेली एकच बाई होती. वेई कांगची आई.

५

वेई कांगची आई, जिला सगळी गल्ली माजी म्हणायची, छोट्या पुऱ्या लाटून त्यांत सारण भरत होत्या. घर खरंच लख्ख होतं. आम्हाला बघून त्यांनी हात पुसले नाहीत.

"मास्तरांनी ओळखलं का?" त्यांनीच विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "गाठीनं ओळखलं."

माजींनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग पुन्हा सारण भरायला लागल्या.

"कांगच्या पेटीत तळाशी होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आत कापूर. मी पट्टी पाहिली आणि ओळखली. सशाचं कातडं लान्शिननं माझ्याकडूनच नेलं होतं."

"कांगला विचारलं नाहीत?"

"नाही."

"का?"

"विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं."

मी म्हणालो, "माजी, तुम्हाला काय वाटलं होतं? त्यानं काय केलं असेल?"

"आईला काय वाटलं ते चौकीत लिहायचं नसतं, साहेब. मला वाटलं, पोरगी हो म्हणाली आहे. दोघंही इतकी वर्षं सुकलीत. ती टोपी तेवढी नसती तर." त्यांनी पुरीची कड दाबली, ती फाटली. "वीट नीट बसली नाही. थंडीनं बोटं चालत नव्हती."

तेवढ्यात दार उघडलं. वेई कांग बॉयलरखान्यातून आला होता, तोंडाला अजून कोळशाची काजळी होती. त्यानं आईकडे पाहिलं, मग मावशींच्या हातातल्या वहीकडे.

"आई, तू काही बोलू नकोस," तो म्हणाला. "साहेब, मी चौकीत येतो. पण लान्शिनला बोलवा. हे मी दोनदा नाही सांगू शकणार."

६

लान्शिन चौकीत आली. तिच्यामागे, न बोलवता, हान लेईही आला आणि दाराला टेकून उभा राहिला. मी त्याला जा म्हटलं नाही.

वेई कांग उभ्यानंच बोलला.

"त्या दिवशी पलीकडच्या काठावर माझ्या मामाची ढकलगाडी आणायची होती, कोळशासाठी. तोंग म्हणाला, पुलावरून जाऊ. मी म्हटलं, तासाचा वळसा आहे, बर्फ धरलंय, काल पोरं खेळत होती. मीच पुढे निघालो. मी हलका. मधोमध पोचलो आणि मागे आवाज झाला."

त्यानं काजळी पुसल्यासारखा चेहऱ्यावरून हात फिरवला.

"मी पालथा पडून सरकत गेलो. तो भगदाडाचा काठ धरून होता. काठ तुटत होता. मी त्याच्या डोक्याला हात घातला. टोपी माझ्या हातात आली. तो नाही आला."

हान लेई दारापासून एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

"मग?" मी विचारलं.

"मग मी पळालो. बॉयलरखान्यात जाऊन भट्टीत कोळसा टाकत बसलो. संध्याकाळी तुमचा माणूस आला विचारायला. मी म्हटलं, मी दिवसभर इथेच होतो. सकाळी खरं सांगणार होतो. सकाळी गल्लीत ऐकलं, की तो मरायला गेला. कुणी मला पुन्हा विचारलंच नाही. नंतर रोज थोडं थोडं अवघड होत गेलं."

"टोपी का ठेवलीस?" मावशींनी विचारलं.

"जाळायला दोनदा भट्टीपर्यंत नेली. जमलं नाही."

लान्शिन आतापर्यंत बाकावर ताठ बसून होती. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "चालताना काही बोलला का तो?"

त्या खोलीत वेई कांगला सगळ्यात जड गेलं ते हे उत्तर.

"म्हणाला, सासूबाईंना आणतो. दारामागची खाट खिडकीकडे सरकवली की होते जागा. म्हणाला, सकाळी उगाच ताणलं, आज जेवताना सांगतो तिला."

लान्शिननं मांडीवरचे हातमोजे एकावर एक ठेवले.

"दोन वर्षं तू माझ्याकडे येत होतास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी तुझ्यासमोर रडले. मी म्हटलं, माझ्या बोलण्यानं तो गेला. तू म्हणायचास, असं नको म्हणूस. माझी आई जिवंत होती, कांग. तेव्हा हे एवढं सांगितलं असतंस तर मी तिला घरी आणली असती."

"माहीत आहे."

"टोपीबद्दल मी तुला माफ केलं असतं. घाबरलास, पळालास, माणूस आहेस. पण त्यानं माझ्यासाठी ठेवलेलं बोलणं तू ठेवून घेतलंस."

ती उठली. दाराशी हान लेई होता. तो बाजूला झाला नाही. मग त्यानं मान खाली घातली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली.

"लान्शिन, मी ती लादी..."

"मला माहीत आहे, दादा," ती म्हणाली. "तुम्ही ती लावली नसती तर मला हे कधीच कळलं नसतं. चला, तुम्हीच मला घरी पोचवा."

७

खोट्या जबाबाबद्दल वेई कांगवर जी काही कारवाई व्हायची ती झाली. ती फार मोठी नव्हती. गल्लीनं त्याला टाकलं, ती शिक्षा मोठी होती. माजी भाजी आणायलाही लांबच्या बाजारात जायला लागल्या.

हान लेईनं ती लादी भिंतीतून स्वतः कापून काढली, टोपी सोडवली आणि वाळवून लान्शिनकडे दिली. प्रेत नसेल तर माणसाच्या वस्तूचं थडगं करतात. पण जमीन गोठलेली होती, म्हणून एप्रिलपर्यंत थांबावं लागलं.

त्या दिवशी टेकडीवर अख्खी गल्ली आली. हान लेईनं खड्डा खणला. लान्शिनच्या हातात लाकडी डबा होता. ग्वान मावशी काठी टेकून माझ्या शेजारी उभ्या होत्या.

तेव्हा खाली रस्त्यावर, बर्चच्या झाडांजवळ वेई कांग दिसला. त्याची आई त्याच्या मागे होती. हान लेईनं फावडं घट्ट धरलं.

"मीच बोलावलंय, दादा," लान्शिन म्हणाली. मग तिनं त्याला हाक मारली. "वर ये. इथे उभा राहा. त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना सांग. पहिल्यापासून."

त्यानं सांगितलं. पूल, वळसा, बर्फ, तुटणारा काठ. आवाज दोनदा गेला, तेव्हा तो थांबला आणि पुन्हा तिथूनच पुढे बोलला. खाटेबद्दलचं, सासूबाईंना आणण्याबद्दलचं बोलणंही त्यानं शब्दाला शब्द सांगितलं. सांगून झाल्यावर तो मागे सरकला. त्याला कुणी थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

लान्शिननं डबा खड्ड्यात ठेवला आणि पहिली मूठभर माती टाकली. हान लेईनं दुसरी.

मग गल्लीतल्या बायका एकेक करून पुढे आल्या. ज्या तीन वर्षं तिला पाहून बोलायच्या थांबत होत्या, त्या सगळ्या. प्रत्येकीनं वाकून मूठभर माती टाकली आणि लान्शिनसमोर क्षणभर मान लववली. चौथी माझी बायको होती.